निळी रेघ कुणी मोडली?

“पाना दे! लवकर! अगं, तो नाही, त्याच्याहून मोठा!”

गाडीखालून फक्त दोन अनवाणी पाय बाहेर आले होते. ते पाय खटपट्याचे. घरातलं घड्याळ म्हणू नका, शेजाऱ्यांचा मिक्सर म्हणू नका, दिसेल ती वस्तू तो उघडून बघायचा आणि परत जोडताना हमखास एखादा स्क्रू उरवायचा. म्हणून तर त्याचं नाव खटपट्या पडलं होतं.

“हुकूम कुणाला सोडतोस रे? मी तुझी मोठी बहीण आहे, हाताखालचं माणूस नाही!” ताई म्हणाली. पण तिने पाना दिला.

“आई गं! माझ्या नाकावर ग्रीस पडलं!” पलीकडून तिसरा आवाज आला. ही भिंगरी, दोघांची मावसबहीण. तिघांत सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत बारीक. जिथे कुणाचाच हात पोचत नाही तिथे भिंगरीचा पोचायचा, त्यामुळे सध्या तिचा भाव फारच वधारला होता.

“पुसू नकोस, पसरेल!” गाडीखालूनच मावशी हसली.

सुट्टीत तिघं जिच्याकडे राहायला आली होती, ती ही मावशी गुरांची डॉक्टर होती. डोंगरावरच्या वाड्यांमध्ये कुणाची गाय अडली, कुणाच्या मेंढ्या आजारी पडल्या, की ती आपली पेटी घेऊन निघायची. अर्ध्या वाटेवर डांबर संपायचं आणि पुढे नुसते दगड, ओहोळ आणि छातीवर येणारा चढ. तिथे साध्या गाडीचं काम नव्हतं. तिथे लागायची म्हातारी! म्हातारी म्हणजे आजोबांची जुनी जीप. पत्र्याला जागोजागी पोचे, हॉर्नचा आवाज बसलेल्या घशासारखा. पण चारही चाकांना जोर मिळाला, की कसलाही चढ चढणार म्हणजे चढणार.

यंदाच्या सुट्टीत सगळ्यांचा बेत पक्का होता. म्हातारीची सगळी दुरुस्ती घरीच, आपल्या हातांनी करायची. मावशी शिकवणार, मुलं करणार. आणि गाडी ठणठणीत झाली, की रविवारी सगळ्यांत वरच्या वाडीला लस टोचायला जायचं, आणि तिथल्या तळ्यात मनसोक्त डुंबायचं!

“हा लांब दांडा बघितलात?” मावशीने ग्रीस भरता भरता दाखवलं. “इंजिनाचा जोर पुढच्या चाकांपर्यंत हाच नेतो. पुढच्या टोकाला हे चार बोल्ट. फोर-व्हीलची छोटी दांडी ओढली, की हा फिरायला लागतो. बाकी काही विसरलात तरी चालेल, पण हे चार बोल्ट कधी ढिले ठेवायचे नाहीत.”

“कामगारांनो, बाहेर या! सरबत आलंय!”

हे काका. मावशीचे यजमान. गावात त्यांचा फोटो स्टुडिओ होता आणि जगातल्या प्रत्येक माणसाला हसवता येतं असा त्यांचा दावा होता. “चीफ इंजिनिअरसाहेबांना पहिला पेला!” म्हणत त्यांनी भिंगरीला सलाम ठोकला.

“काका, तुझ्या शर्टाला पण ग्रीस लावू?” भिंगरी म्हणाली आणि त्यांच्या मागे धावली. ताई आणि खटपट्या काकांना ‘अहो-जाहो’ करायचे. भिंगरी मात्र सरळ ‘काका, तू’ म्हणायची. तिला तो हक्क होता. सायकल काकांनी शिकवली, पोहायला काकांनी शिकवलं. काका म्हणजे तिचा सगळ्यांत मोठा दोस्त.

आणि मग एकेक विचित्र प्रकार सुरू झाले.

आधी पंख्याचा पट्टा. आदल्या दिवशी ताणून बसवलेला, दुसऱ्या दिवशी पाहावं तर लोंबतोय! “तुझंच काम!” म्हणत ताईने खटपट्याला धपाटा घातला. मग बॅटरी. चावी फिरवली की नुसतं खट्! तार निसटलेली. या वेळी धपाटा ताईला मिळाला. तोवर सगळं हसण्यावारी चाललं होतं.

पण तिसऱ्या वेळी कुणीच हसलं नाही.

वरच्या वाडीहून निरोप आला की गाय अडली आहे, ताबडतोब या. मावशी म्हातारीला घेऊन धावली. निम्म्या चढावर इंजिनातून भसाभस वाफ! रेडिएटरचा रबरी पाइप सुटून पाणी वाहून गेलं होतं. मावशी जड पेटी खांद्यावर मारून उन्हातून चालत गेली. ती पोचली तेव्हा उशीर झाला होता. गाय वाचली. वासरू गेलं.

त्या पाइपाची क्लिप भिंगरीने आवळली होती. दुसऱ्या कुणाचा हात तिथे पोचतच नव्हता.

मावशी तिला एका शब्दानेही बोलली नाही. पण चौकातले गॅरेजवाले सगळ्यांसमोर बोललेच, “पोरांच्या हातात गाडी दिली, की असंच व्हायचं!”

भिंगरी त्या दिवशी जेवली नाही. मागच्या अंगणात ती गुडघ्यांत डोकं घालून बसली, तेव्हा काका तिच्याशेजारी येऊन टेकले.

“चुका होतात गं राणी,” तिच्या केसांवरून हात फिरवत ते म्हणाले. “तू मुद्दाम थोडंच केलंस? खरं सांगू? म्हातारीचेच दिवस भरलेत. मावशीने आता हट्ट सोडायला हवा.”

भिंगरी त्यांच्या कुशीत शिरून खूप रडली.

दुसऱ्या दिवशी ताई तिला हाताला धरून थेट गाडीपाशी घेऊन गेली. “रडणं बंद! त्या दिवशी तू क्लिप आवळल्यावर मी स्वतः पाइप ओढून पाहिला होता. दोन्ही हातांनी! तसूभरही हलला नव्हता. मग सुटला कसा?”

“म्हणजे… माझी चूक नव्हती?” भिंगरीचे डोळे मोठे झाले.

“म्हणजे कुणीतरी सोडला!” खटपट्याने मांडीवर थाप मारली. “कुणी पण? आणि कशाला?”

“तेच शोधायचंय. तोंड बंद ठेवून!”

ताईने मावशीच्या सामानातून एक जाड निळी कांडी आणली. लस टोचलेली मेंढी पुन्हा टोचली जाऊ नये म्हणून मावशी तिच्या पाठीवर त्या कांडीने खूण करायची. मेणकट रंग. पाण्याने जाता जात नसे. ताईने पुन्हा आवळलेल्या क्लिपच्या स्क्रूवर एक रेघ ओढली. रेघ स्क्रूवरून सुरू होऊन सरळ शेजारच्या पट्टीवर उतरली.

“स्क्रू जरा जरी फिरला, तरी रेघेचे दोन तुकडे होतील!”

“ताई, तुझ्या डोक्यात मेंदू आहे हे मला आजच कळलं!” खटपट्या म्हणाला आणि धपाट्याच्या टप्प्याबाहेर पळाला.

गाडीच्या प्रत्येक महत्त्वाच्या नटावर त्यांनी रेघा ओढल्या. मग टॉवेल खांद्यावर टाकून, “आम्ही नदीवर चाललो!” असं घरभर ओरडून तिघं निघून गेले. मावशी दवाखान्यात होती.

संध्याकाळी परत येऊन पाहतात तो काय! क्लिपवरची रेघ मोडलेली! स्क्रूवरचा निळा तुकडा एकीकडे तोंड करून, पट्टीवरचा दुसरीकडे. आणि उरलेला रंग बोटाने फासल्यासारखा.

“गॅरेजवाले!” खटपट्या कुजबुजला. “आपण घरी दुरुस्ती करतो म्हणून त्यांचं पोट दुखतंय!”

दुसऱ्या दिवशी त्यांनी गॅरेजवर पाळत ठेवली. गॅरेजवाले दिवसभर एका ट्रकच्या पोटात शिरून बसले होते. आदल्या दिवशीही तेच काम चालू होतं, त्यांना पाणी प्यायलाही फुरसत झाली नव्हती, असं ट्रकवाल्याने सांगितलं. म्हणजे ते नव्हेत. मग कोण?

उत्तर मिळालं ते नाश्त्याच्या टेबलावर. काका पावाला लोणी लावत होते. “चीफ इंजिनिअरसाहेब, हा घ्या जाड थराचा!” त्यांनी पाव पुढे केला आणि भिंगरीचं लक्ष त्यांच्या बोटांकडे गेलं. अंगठ्याच्या नखाखाली निळी कड होती. घासून घासून फिकी झालेली, पण निळीच.

भिंगरीने पाव घेतला, पण नजर त्या नखावरच ठेवली.

“काका,” ती हळूच म्हणाली, “तू मावशीबरोबर मेंढ्यांकडे गेला होतास?”

“मी? छे! मला मेंढीचा वाससुद्धा सहन होत नाही!” काका हसले. नेहमीसारखंच, डोळे मिचकावून.

भिंगरीने पाव ताटलीत ठेवला.

नदीकाठी तिने सगळं सांगितलं तेव्हा खटपट्याने रागाने एक धोंडाच पाण्यात भिरकावला. “तरीच! ते हॉटेलवाले आठवतात? सुट्टीच्या सुरुवातीला आले होते. म्हातारीला हॉटेलच्या दारात उभी करून बॉनेटमध्ये फुलझाडं लावायची म्हणत होते. मावशीने त्यांना धुडकावलं. पण मंगळवारी मी त्यांना पुन्हा पाहिलं. टेप लावून गाडीची लांबी मोजत होते, आणि टेपचं दुसरं टोक काकांच्या हातात होतं!”

“तरी काका असं करणार नाही,” भिंगरी म्हणाली. “वासरू गेलं तेव्हा तो माझ्याजवळ बसला होता. मला ‘चुका होतात’ म्हणाला होता…”

बोलता बोलता तिलाच त्या वाक्याचा अर्थ कळला आणि ती थांबली. आपली चूक नाही हे काकाला तेव्हाही माहीत होतं! माहीत असून त्याने आपल्याला रडू दिलं होतं!

ताईने तिला जवळ ओढलं. नदी खळखळत राहिली.

“मावशीला सांगूया,” शेवटी ताई म्हणाली.

“नको! आधी एकदा बघूया,” भिंगरीने डोळे पुसले. “रविवारी आपण तिघं गाडीत असणार, हे त्याला सांगूया. आपण गाडीत आहोत हे माहीत असताना तो नाही करणार. मला खात्री आहे.”

शनिवारी जेवताना ताईने मुद्दाम विषय काढला. “काका, म्हातारी आता एकदम फिट! उद्या आम्ही तिघंही वर जाणार. वरच्या चढावर फोर-व्हील टाकून!”

“वा! वा!” काका म्हणाले आणि ताटाकडे पाहत राहिले.

दुपारभर तिघं नदीवर होते. पोहण्यात कुणाचंच लक्ष नव्हतं. ऊन उतरल्यावर ते परतले. खटपट्या गाडीखाली सरकला. पान्याची खटखट तेवढी ऐकू येत होती.

“सांग ना रे!” भिंगरी म्हणाली.

“पुढच्या दांड्याचे बोल्ट. दोन पार ढिले आहेत. दोन निघालेच आहेत म्हण.”

भिंगरीने बाह्या सरसावल्या. ती गाडीखाली शिरली, पाना घेतला आणि बोल्ट आवळायला लागली. ओठ घट्ट मिटलेले, डोळ्यांतून धारा. ती दमली तेव्हा ताईने आवळले, मग खटपट्याने लांब दांडीचा पाना लावून सगळा भार टाकला. मग त्यांनी चारही बोल्टांवर नव्या रेघा ओढल्या, आणि या वेळी रात्रीच्या राखणीला खटपट्या तिथेच गाडीच्या मागच्या सीटवर पुस्तक घेऊन आडवा झाला. कुणी उठवायला आलं, तर पोट दुखतंय म्हणून सांगायचं ठरलं होतं.

रविवारी सकाळी त्यांनी पुन्हा रेघा तपासल्या. चारही शाबूत! लसीची पेटी चढली. मावशी चावी घेऊन आली तेव्हा ताई म्हणाली, “मावशी, आज काकांना चालवू दे ना! वरून फोटोही काढता येतील त्यांना.”

“अगं, मला स्टुडिओत—” काका चाचरले.

“रविवारी कसला स्टुडिओ?” मावशीने चावी त्यांच्या हातात ठेवली. “चल, चालव. काल इंजेक्शनं देऊन देऊन माझा खांदा भरून आलाय.”

निघाले. मावशी पुढे, मुलं मागे. काका एकही विनोद करत नव्हते. डांबर संपलं, दगड लागले आणि मोठ्या चढाच्या पायथ्याशी काकांनी गाडी थांबवली. मावशीने उतरून पुढच्या चाकांवरच्या चकत्या फिरवून ती चाकं इंजिनाच्या जोराला जोडली आणि परत येऊन बसली. आता फक्त छोटी दांडी ओढायची बाकी होती.

“मावशी,” ताईने अगदी सहज विचारलं, “हा पुढचा दांडा चालत्या गाडीत पुढून सुटला तर काय होतं गं?”

“बापरे! त्याचं टोक खाली पडून जमिनीत रुतेल. अशा चढावर तर गाडी उलटायचीच. का गं?”

काकांचा हात दांडीवर होता. त्यांनी तो काढून घेतला.

“नुसती… नुसती चढणार नाही ना? बंद पडेल एवढंच ना?” ते मावशीला विचारत होते.

“बंद कसली पडते! आपण सगळे दरीत जाऊ.”

मागून भिंगरीचा आवाज आला. शांत, कोरडा. “काका, तुम्ही फोर-व्हील टाका ना.”

‘तुम्ही.’ काकांनी झटकन मागे वळून पाहिलं. भिंगरी त्यांच्याकडे पाहत होती आणि तिच्या डोळ्यांत दोस्तीचा मागमूसही नव्हता.

काकांनी दार उघडलं आणि ते खाली उतरले. रस्त्याकडेच्या दगडावर बसून ते म्हणाले, “सगळे उतरा. आधी उतरा सगळे! बोल्ट… बोल्ट ढिले आहेत.”

“नाहीत,” खटपट्या म्हणाला. “आम्ही कालच आवळलेत.”

मावशी एकदा मुलांकडे पाहत होती, एकदा नवऱ्याकडे. “कुणाला काय माहीत आहे ते मला आत्ताच्या आत्ता सांगा.”

काकांनीच सांगितलं. हॉटेलवाल्यांनी म्हातारीच्या बदल्यात आपली नवी कोरी गाडी देऊ केली होती. मावशी ‘नाही’ म्हणाली तेव्हा काकांना वाटलं, म्हातारी सारखी बिघडायला लागली की ही आपणहून कंटाळेल. “तुझेच हाल कमी होतील असं वाटलं मला. मला त्या यंत्रातलं काय कळतं? तू पोरांना शिकवताना कानावर पडलं तेवढंच. वाटलं, किरकोळ गोष्टी आहेत…”

“वासरू किरकोळ होतं?” मावशीने विचारलं.

“नाही,” काका म्हणाले.

“आणि ही पोर जेवणखाण सोडून रडत होती, ते? तू तिची समजूत घालत होतास! मी दारातून बघत होते आणि मला वाटलं, किती मायेचा माणूस आहे माझा!”

मावशी ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने हात पुढे केला. “चावी.”

काकांनी चावी दिली.

“घरी जा. सगळा उतार आहे, दमणार नाहीस.”

मग ती स्वतः गाडीखाली शिरली. चारही बोल्ट पान्याने तपासून बाहेर आली. कपडे झटकत म्हणाली, “मला आधी का नाही सांगितलंत?”

“तू विश्वास ठेवला असतास?” ताईने विचारलं.

मावशीने पाना सीटखाली टाकला. “नसता ठेवला,” ती म्हणाली. “पण मी विश्वास ठेवो न ठेवो, असं पुन्हा कधी करायचं नाही. गाडीचा प्रश्न असेल तर आधी मला सांगायचं. कबूल?”

“कबूल!”

“मग बसा. मेंढ्या वाट बघतायत.”

तिने छोटी दांडी ओढली. म्हातारी गुरगुरली, चारही चाकांनी दगड पकडले आणि ती ठेचकाळत, डोलत चढ चढून गेली. एरवी तिघांनी आरडाओरडा करून रान डोक्यावर घेतलं असतं. आज कुणी ‘हुर्रे’ म्हटलं नाही. वळणावर भिंगरीने एकदाच मागे पाहिलं. खाली, धुळीच्या रस्त्यावरून, एक माणूस खांदे पाडून चालला होता. तिने मान फिरवली.

वाडीत मेंढ्यांचा नुसता गोंधळ! एक पकडावी तर दोन पळाव्यात! खटपट्याला एका मेंढ्याने असा दणका दिला की तो थेट चाऱ्यात पडला, आणि त्या दिवशी भिंगरी पहिल्यांदा हसली.

काम संपल्यावर मावशी भिंगरीला त्या गाईच्या गोठ्यात घेऊन गेली, मागोमाग ताई आणि खटपट्या. गाईची मालकीण शेण काढत होती. आजूबाजूची चार माणसंही जमली.

“त्या दिवशी मला उशीर झाला,” मावशी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “तो या मुलीमुळे नाही. हिने पाइप नीट बसवला होता. तो माझ्या घरातल्या माणसाने सोडला. आणि या तिघांनी ते शोधून काढलं नसतं, तर आज मी इथे जिवंत उभी नसते.”

गाईच्या मालकिणीने हात धुतले, पदराला पुसले आणि भिंगरीच्या दोन्ही गालांवर ठेवले. “पोरी, तुझ्यावर माझा राग होता गं. खोटा होता, तो घेतला मागे. शहाणी आहेस. तिघंही शहाणी आहात!”

“वाघ आहेत वाघ!” एक म्हातारा मेंढपाळ म्हणाला. “डॉक्टरीणबाई, ही पोरं दर सुट्टीला आणत जा!”

ताईची मान ताठ झाली. खटपट्याने अंगावरचा चारा झटकून छाती फुगवली. भिंगरीने मात्र गाईच्या पाठीवर हात ठेवला आणि ती तशीच उभी राहिली.

सोमवारी काकांनी हॉटेलवाल्यांना स्वतः जाऊन नकार दिला. गॅरेजवाल्यांना आणि ज्यांच्या ज्यांच्यासमोर भिंगरीला बोल लागला होता त्यांना खरं काय ते सांगून आले. कुणी त्यांची टर उडवली, कुणी दार लावून घेतलं. मग चालत वरच्या वाडीला जाऊन ते गाईच्या मालकिणीपुढेही उभे राहिले. मावशी त्यांच्याशी कामापुरतंच बोलत होती.

सुट्टी संपली. मुलांच्या पिशव्या दारात आल्या. काका भिंगरीजवळ आले. या वेळी सलाम नाही, चीफ इंजिनिअर नाही. ते तिच्यासमोर जमिनीवरच बसले.

“भिंगरे, माझी चूक तुझ्या डोक्यावर टाकून मी गप्प बसलो. याहून वाईट मी आयुष्यात काही केलं नाही. मला माफ केलंस?”

भिंगरीने खूप विचार केला. खोटं बोलायचं नाही, हे तिने ठरवलं होतं.

“अजून नाही,” ती म्हणाली.

काकांनी मान डोलावली. “बरं,” ते म्हणाले. “मी थांबेन.”

भिंगरीने आपली पिशवी उचलली. ती जड होती. काकांचा हात पुढे आला आणि मधेच थांबला. तिने त्या हाताकडे पाहिलं, पिशवी स्वतःच खांद्यावर घेतली आणि ती ताई-खटपट्यांच्या मागोमाग दाराबाहेर पडली.